पहिला मान

अंगणवाडीच्या मंदाताईंचा खून होऊन महिना झाला, तरी भीमेकाठच्या त्या गावात कुणाच्या घशाखाली सुखाचा घास उतरत नव्हता. ताईंच्या नखांत मारेकऱ्याचं रक्त सापडलं होतं, म्हणून पोलिसांनी देवळाच्या सभामंडपात डीएनएचे नमुने घ्यायला टेबल मांडलं. सक्ती नव्हती, ज्याची इच्छा असेल त्यानं द्यावा. पण एकही गडी पुढं येईना.

शेवटी सरपंच म्हणाले, "पैला मान रंगनाथआबांचा. आबा बसले की समदे बसतील."

आबा पंचाहत्तरीचे. चाळीस वर्षं कीर्तनात वीणा धरून उभे राहिलेले. फौजदारसाहेबांनाही हसू आलं. "आबा, तुमच्यावर कोण संशय घेणार?"

"संशयासाठी न्हाई वो, साहेब. लोकांची भीती मोडाया बसतो," म्हणत आबांनी तुळशीची माळ सावरली आणि तोंड उघडलं. कापसाची काडी गालाच्या आतून फिरली. मग मात्र रांग पार वेशीपर्यंत गेली.

पंधरा दिवसांनी साहेब एकटेच आबांच्या ओसरीवर आले. पुढं केलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

"आबा, रांगेतला एकही माणूस मारेकरी नाही. पण तुमच्या नमुन्यावरनं कळलं, तो तुमच्याच पोटचा आहे. नमुन्यांच्या यादीत तुमच्या घरचं दुसरं कुणीच नाही. मुलगे किती तुम्हाला?"

"दोघं हायेत."

 

त्यातला कोणता, हे साहेबांना अजून शोधायचं होतं; आबांना विचारायची गरजच पडली नाही.