दोन तुला, दोन मला

“चारही तुझ्या गाडीला लाव,” नीना म्हणाली. “तुला हायवेने जायचंय.”

“वा! आणि तू हा उतार कशी उतरणार? घसरगुंडी करत?” गुरुनाथ म्हणाला. “चारही तुझ्या गाडीला.”

डुलूथमधल्या त्या गॅरेजात मघापासून नवराबायकोचं हेच चाललं होतं. टेक्सासमधल्या शुगर लँडहून ते नुकतेच इथे, उत्तरेच्या थंडीत, आले होते. दोघांच्या गाड्या सारख्याच आणि टायरही टेक्सासचेच. तिथल्या उन्हात झकास, इथल्या थंडीत दगड. रात्री बर्फाळ पाऊस पडून सगळा रस्ता काचेसारखा झाला होता. गावभर फिरून गुरुनाथला त्यांच्या मापाचे विंटर टायर मिळाले ते रिमसकट चारच. बाकीचे सोमवारी येणार होते. पण आज दुपारी नीनाची हॉस्पिटलात शिफ्ट होती, आणि थोड्या वेळाने गुरुनाथची गावाबाहेर, पॉवर प्लांटवर.

ही दोघं म्हणजे कमालच होती. पेढा एक असला तरी त्याचे दोन तुकडे करणार आणि मोठा तुकडा दुसऱ्याच्या हातात कोंबायला भांडणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही खोड काही गेली नाही.

“मग ऐक. दोन तुला, दोन मला,” नीना म्हणाली. “पुढच्या चाकांना. गाडी ओढतात ती पुढचीच ना?”

गुरुनाथला ते पटलं. चांगला इंजिनिअर माणूस, पण पटलं खरं! कारण त्यात तिला कमी पडत नव्हतं.

तेवढ्यात अ‍ॅशबर्नहून मुलीचा, केयाचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकून तिला सगळं सांगितलं.

“बाबा, नो! ऑल फोर ऑन वन कार. ब्रेक मारलात की मागची चाकं घसरणार. यू विल स्पिन! एकत्र जा ना, प्लीज.”

“अगं, हिची शिफ्ट सुटते तेव्हा मी प्लांटवर. हिला आणायचं कुणी? आणि पुढच्यांनी नीट धरलं की मागची येतात गं मुकाट्याने मागोमाग,” गुरुनाथ हसत म्हणाला. “तू नको काळजी करू.”

फोन ठेवून त्याने नीनाच्या गाडीला जॅक लावला. ती शेजारी उभी राहून एकेक नट त्याच्या हातात देत होती. दोन्ही चाकं बसल्यावर त्याने गाडी गॅरेजबाहेर काढून पुढेमागे करून बघितली. कुठे घसरली नाही. त्याला इतकं हायसं वाटलं की तो खाली उतरून टाळ्याच वाजवायला लागला.

“पुरे हं,” नीना गाडीत बसली. डबा शेजारच्या सीटवर ठेवत म्हणाली, “थालीपीठ एकच उरलं होतं. तुझं अर्धं ओट्यावर झाकून ठेवलंय. खाऊन जा.”

“सावकाश जा गं.”

“हो रे बाबा.”

उतारावर गाडी शहाण्यासारखी चालली होती. गुरुनाथ फाटकाशी उभा राहून बघत होता. खाली चौकात सिग्नल लाल झाला. नीनाने ब्रेक दाबला, मागचे लाल दिवे लागले. पुढच्या चाकांनी रस्ता धरला.

मागच्यांनी धरला नाही. गाडीचं शेपूट बाजूला सरकलं आणि वळून पुढे गेलं. लाल दिव्यांच्या जागी पांढरे दिवे आले. आता गाडीचं तोंड घराकडे होतं आणि ती तशीच, उलटी, चौकाकडे घसरत चालली होती. काचेमागे नीना दिसत होती. ती त्याच्याकडेच बघत होती. आडव्या रस्त्याने बर्फ लोटणारा ट्रक जोरजोरात हॉर्न वाजवत येत होता.

“नीना!” गुरुनाथ धावला. दुसऱ्याच पावलाला त्याचे पाय सुटले आणि तो आडवा पडला.

खालून धडकेचा आवाज आला. मग हॉर्नही थांबला.

खाली बघायची त्याची छाती होईना. त्याने मान मागे वळवली. उघड्या गॅरेजात त्याच्या वाट्याचे दोन टायर भिंतीला टेकून उभे होते.