थकबाकीदार धावून आला

बँक बुडणार अशी आवई उठली आणि सकाळी दहालाच ठेवीदारांची रांग फाटकापर्यंत गेली. तिजोरीतली रोकड जेमतेम दुपारपर्यंत पुरणार होती. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात लाकडाच्या वखारीचे शेठ एक मोठी पिशवी छातीशी धरून, रांगेतून वाट काढत थेट त्याच्या केबिनमध्ये शिरले. दोन वर्षांत त्यांनी कर्जाचा एक हप्ता भरला नव्हता. बँकेचा सगळा नफा त्यांच्याच थकबाकीने गिळलाय, हे गावाला तोंडपाठ होतं.

"अरे, हा बुडव्यासुद्धा पैसे भरायला आला!" रांगेत कुणीतरी ओरडलं. "मग बँकेला काय धाड भरलीय?" बघता बघता निम्मी रांग घरी गेली.

मॅनेजर लगबगीने खुर्चीतून उठला. "शेठ, देवासारखे धावून आलात! किती आणलेत?"

"आणलेत?" शेठ चपापले. "बँक बुडतेय म्हणे. बायकोची ठेव काढायला आलोय."

मॅनेजरने घाईघाईने दार लोटलं आणि हात जोडले. "उद्या स्वतः घरी आणून देतो. आज फक्त ही रिकामी पिशवी रांगेसमोरून झटकत झटकत जा!"