डमी डेटातली ऋजुता

फरीनने मॅडमना दाखवायला नव्या वेबसाइटचा फॉर्म उघडला, तर तो आधीच भरलेला. नाव ऋजुता, गाव केळशी, वय चौतीस.

"सॉरी, नमुन्यादाखल भरलेला डमी डेटा काढायचाच राहिला," ती जीभ चावत म्हणाली. "केळशीच्या एका काकांच्या इंटरनेटवरच्या पानावरून कोड उचललाय, मॅडम. नवशिके सगळे तिथूनच उचलतात. नाव मात्र नेमकं तुमचंच."

ऋजुताने त्या पानाचा पत्ता मागून घेतला. ते काका म्हणजे तिचे बाबा. त्यांना जाऊन महिना झाला होता. परक्या पोरांना कोड शिकवायला त्यांच्याकडे हवा तेवढा वेळ होता, पण लेकीच्या वाढदिवसाला कधी साधा फोन आला नाही, हा सल तिच्या मनातून तेराव्यालाही गेला नव्हता.

तिने ते पान उघडलं. खाली बाबांनी पानात केलेल्या बदलांच्या तारखा होत्या. अकरा वर्षं न चुकता, तिच्या वाढदिवशी, नऊ ऑगस्टला, एकच बदल: वयात एकाची भर.

"काढू ना हे?" फरीनने विचारलं.

"काढ. क्लायंटपुढे जाता कामा नये."

परवाच नऊ ऑगस्ट होऊन गेला होता. पानावरची ऋजुता अजून चौतीसचीच होती.