अण्णांच्या गाडीचं हँडल

हँडल हातात आलं तेव्हा ते दारापासून सुटलंय हे श्रीपतीला आधी कळलंच नाही. कळलं, तसं त्यानं ते पटकन धोतराच्या सोग्यात लपवलं. अंगणात बघायला होतं कोण? एक त्याची बायको, सुमनबाई. आणि तीसुद्धा त्याच गाडीतून उतरत होती.

"आवं, मोडलं?"

"हळू बोल."

"हळू बोलल्यावर बसतंय व्हय ते परत?"

कागदावर ही अँबॅसिडर जळकोटच्या सोसायटीची. पण गावात कुणालाही विचारा, तो धुळाप्पाअण्णांची गाडी म्हणूनच सांगणार. अण्णा सकाळी नळदुर्गला भाचीच्या लग्नाला गेले होते, तेही एसटीनं. घरच्या कामाला गाडीचं पेट्रोल जाळणं त्यांना खपत नसे. किल्ली श्रीपतीच्या घरी खुंटीला. लग्नाला अठरा वर्षं होऊनही सुमनबाई कधी गाडीत पुढं बसली नव्हती. हमरस्त्यानं दोन मैल जाऊन यायचं, एवढाच बेत. जाता-येता गाडी पाच वेळा बंद पडली. परत आल्यावर श्रीपतीनं उतरून घाईत आपल्या बाजूचं दार लावलं, त्यात सीटवर पसरलेला तिच्या लुगड्याचा पदर अडकला, आणि त्यानं बाहेरून दोन्ही हातांनी हँडल ओढलं.

मागच्या पोळ्याला श्रीपतीच्या हातून गोठ्याच्या खांबाला मडगार्ड घासलं होतं. तेव्हा अण्णांनी अगदी सावकाश सांगितलं होतं, "माझ्यामागं गाडी परत हलली, तर त्या दिवशी आपलं संपलं." अण्णा ओरडणारे असते तर श्रीपतीला एवढी धास्ती नसती. ओरडणाऱ्याचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो.

आणि दिवस तरी कोणता गाठावा! उद्या सकाळी आठला कलेक्टरांची दुष्काळी पाहणी. गाड्या नळदुर्गहून निघणार. जळकोटला चारा डेपो मिळायचा तर ही गाडी त्यात पाहिजेच. अण्णा रुसून बसले की पाहणी बुडाली, आणि डेपो शेजारच्या गावाला. गावातली निम्मी जनावरं आधीच बाजारात गेली होती. उरलेली निम्मी श्रीपतीच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

"तीनच्या एसटीनं येतील," तो म्हणाला. "गाडी बघितल्याबिगर घरी जायचे न्हाईत."

"मग खरं सांगून मोकळं व्हा."

"त्यांच्याम्होरं माझं तोंड उघडत न्हाय, तुला ठावं हाय."

त्यानं सदरा काढला आणि दाराच्या आतला पुठ्ठा सोडवायला घेतला. पहिला स्क्रू उलटा पिळून आणखीच आवळला. दुसऱ्याला पेचकस सटकून अंगठ्याला लागला. पुठ्ठा निघाल्यावर दिसलं ते असं, की हँडलचे दोन कान, ज्यांच्यावर ते दाराला धरून राहतं, त्यातला एक तुटला होता. सुमनबाईनं डालड्याचा रिकामा डबा आणून ठेवला. त्यानं पत्र्याची पट्टी कापली, तिला खिळ्यानं भोक पाडलं, सायकलचा नटबोल्ट घातला. हँडल बसलं. थोडं तिरकं बसलं, पण माणसंसुद्धा तिरकी बसतातच की.

तेवढ्यात शेजारची चुलती, दगडाबाई, रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली.

"शिर्पा, हे काय रं मांडलंस? तुझ्या बानं जल्मभर बैलं हाकली, आन तू लोखंडाच्या पोटात हात घालून बसलास!"

"काय न्हाय काकू. जरा सैल झालं हुतं."

"कोण? तू का दार?"

ती हसत गेली आणि श्रीपतीचं लक्ष दाराकडं गेलं. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या वंगणाची पाच बोटं उठली होती, वर अंगठ्याचं रक्त. फडक्यानं पुसलं तर ती आणखी पसरली. शेवटी त्यानं रांजणातलं तांब्याभर पाणी घेतलं, साबण लावला आणि दार स्वच्छ धुतलं. सुमनबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. टँकर दोन दिवसांनी येत होता.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. श्रीपतीनं सदरा चढवला, अंगठा मुठीत धरला.

अण्णा आले. चप्पल न काढता, पाणी न घेता, सरळ गाडीकडं. एक फेरी मारली. हँडल ओढलं. दार उघडलं. लावलं, परत उघडलं. डालड्याच्या पत्र्यानं इमान राखलं. श्रीपतीचा जीव जरा भांड्यात पडला.

"चार म्हैने झालं," अण्णा म्हणाले, "गाडीला पाणी न्हाय. नुसती फडक्यानं पुसतोय आपण."

"व्हय अण्णा."

"सारी गाडी धुळीनं भरलीया. एकाच दाराला आंघूळ कशापायी?"

"च्या सांडला."

"दाराला बाहिरनं?"

सुमनबाई पटकन आत गेली. अण्णा वाट बघत उभे राहिले. त्यांना वाट बघता येत होती, हीच तर अडचण होती.

"चुकलं अण्णा," श्रीपती म्हणाला. "हिला दोन मैल फिरवून आणली. काय बोलायचं ते परवा बोला. उद्या आठला तेवढं चला. गावाच्या जनावरांकडं बघून चला."

अण्णांनी मागचं दार उघडलं, आत जाऊन ऐसपैस बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या दाराकडं बोट केलं.

"बसा पुढं आन चालू करा. आज ड्रायव्हरला त्याच्या घरी सोडून या. तेवढाच उद्यासाठी हात बसंल, चेअरमनसाहेब."