मागची जाळी

"अण्णा अजून आले नाहीत," बायको फोनवर म्हणाली, तेव्हा वेल्डरच्या हातात लोखंड कापायचा कटर होता आणि एक वाजून गेला होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील. रोज नऊला फिरायला निघायचे आणि अकराच्या आत परत यायचे. वेल्डरने कटर तिथेच टाकला. काम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका नव्या वसाहतीत चाललं होतं. स्कूटरला किक मारून तो निघाला.

अण्णांना चार वर्षांपासून काही आठवेनासं झालं होतं. जेवलो की नाही, हेही विसरायचे. सुनेला कधी बहीण समजायचे, कधी नर्स. पण पायांना सगळं पाठ होतं. उभी हयात त्यांनी पाणीखात्यात काढली होती, गल्लोगल्ली फिरून नळाचे व्हॉल्व्ह उघडण्यात. आणि जुन्या वस्तीची तऱ्हाच अशी, की कुठल्याही बोळात शिरा, पुढे दुसरा बोळ फुटायचा, आणि तिसरा तुम्हाला मुकाट्याने टाकीच्या चौकात आणून सोडायचा. त्यामुळे अण्णा चुकायचे, पण हरवायचे नाहीत. एकटं सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वेल्डर हसला होता. "या बोळांत तुम्ही हरवाल डॉक्टर, आमचे अण्णा नाहीत हरवायचे."

मग शहर वाढलं. चहूबाजूंनी कॉलन्या आल्या. प्रत्येकीला कंपाउंड, एकच गेट आणि गेटावर एक वॉचमन. आत शिरलं की आल्या वाटेनेच बाहेर. त्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्यावर मावेनात, म्हणून जुन्या बोळांतून घुसायला लागल्या. बोळवाले वैतागले. एकेक बोळ मागच्या बाजूने लोखंडी जाळीने बंद होऊ लागला. हे काम वेल्डरकडेच यायचं, कारण त्याचा हात चोख होता. "चार बोटांची फट ठेवतो, कुत्रंसुद्धा शिरायचं नाही," असं तो छाती फुगवून सांगायचा. प्रत्येक जाळीवर तो आपल्या दुकानाच्या नावाची पट्टी लावायचा. असे बरकतीचे दिवस त्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

आज सकाळी सातला त्याने स्वतःच्या बोळाचं मागचं तोंड बंद केलं होतं. बायकोने आठवडाभर आधीपासून धोशा लावला होता, की अण्णा मागूनच घरी येतात, निदान छोटं दार तरी ठेवा. बोळाच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, दार ठेवलं की ते उघडंच राहतं, कायमची जाळी ठोका. वेल्डरने मग बायकोलाच समजावलं.

"बंद दिसलं की वळतील गं. लहान आहेत का ते?"

टाकीचा चौक झाला. बस स्टँड झाला. सरकारी दवाखाना, पोलीस चौकी, तिथून पुन्हा टाकी. ऊन नुसतं भाजून काढत होतं. पूर्वी हा फेरफटका त्याने अर्ध्या तासात मारला असता. आज बोळात शिरावं, तर शेवटी जाळी, आणि जाळीवर त्याचीच पट्टी. प्रत्येक वेळी स्कूटर वळवताना तो स्वतःला शिव्या घालत होता. एक घराची मागची बाजू तेवढी त्याने पाहिली नाही. ती वाट बंद आहे, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार?

चार वाजता तो घरी आला आणि पायरीवर मटकन बसला. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मागच्या बाजूला तुम्ही कुणाला कामाला पाठवलं होतं का?" तिने विचारलं.

"का?"

"दुपारभर लोखंडावर टकटक चालली होती. मी पुढच्या दारात वाट बघत होते, मला वाटलं, तुमचाच कुणी माणूस असेल. आत्ता थांबली."

वेल्डर तांब्या घेऊन धावत सुटला. घरापासून जाळी चाळीस पावलांवर होती, दोन पुरुष उंच. पलीकडे एका बाजूला गोदामाची भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला कॉलनीची. कालपर्यंत तिथे पायाला पाय लागायचे. आज दिवसभरात कुणी फिरकलं नव्हतं. वाटच नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल?

अण्णा जाळीला टेकून उन्हात बसले होते. काठी मांडीवर पडली होती. ओठ फाटले होते आणि टोपी कुठेतरी गळून पडली होती. वेल्डरने फटीतून हात घातला, तो कोपरापर्यंतच गेला. तळहातावर थोडं पाणी घेऊन त्याने त्यांच्या तोंडाला लावलं. बरंचसं सांडलं. मनगट धरलं तर नाडी हाताला नीट लागेना. पलीकडे पोचायचं तर मोठा रस्ता, पूल आणि मग कॉलनीच्या गेटावरून वळसा, म्हणजे पाऊण तास कुठे गेला नाही. कटर तर त्याहून लांब राहिला होता. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावायला बायकोला ओरडून सांगितलं आणि दोन्ही हातांनी जाळीला हिसके दिले. ती तसूभरही हलली नाही. त्याला रडू फुटलं.

अण्णांनी डोळे उघडले. या घामाघूम माणसाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ओळख पटली नाही, पण त्याची दया आली असावी. त्यांनी फटीतून त्याच्या हातावर थोपटलं.

"तू नको रे जिवाचा आटापिटा करूस," ते हळूच म्हणाले. "माझा मुलगा वेल्डर आहे. इथंच राहतो, पलीकडे. त्याला फक्त हाक मार. तो उघडून देईल."