वेड्या बाभळी

गेवराईच्या पुढं, पुलाच्या कामावर भर उन्हात वनिता टोपल्यासकट कोसळली. सेफ्टी ऑफिसर खरात धावत आले. बायांनी तिला उचलून खांबाच्या सावलीत निजवलं. डोळे उघडले, पण अंग तव्यासारखं तापलेलं. खरातांनी थंड पाण्याचा ग्लास तिच्या ओठांना लावला, तर तिनं दात घट्ट आवळले.

"पी ना! जीव जाईल तुझा!"

वनितानं नुसती मान हलवली.

खरातांनी गाडी बोलावली आणि ते बाकीच्या बायांवर भडकले. "परवापासून तुमचे जार जसेच्या तसे भरलेले! एवढं थंड पाणी ठेवतोय मी, प्यायला काय होतं तुम्हाला?"

चहूकडं गडी काम करत होते. म्हाताऱ्या भिमाबाईनं ओल्या पदरानं वनिताचं तोंड पुसलं आणि समोरच्या सपाट माळाकडं बघितलं. तिथल्या वेड्या बाभळी, साप निघाला म्हणून, खरातांनीच परवा जेसीबी लावून उपटल्या होत्या.

"पाणी पिऊन जावं कुठं, साहेब?" ती म्हणाली. "त्यापरीस साप बरा व्हता."