पेशंटच्या जागी

“घाई करा हो, बाहेर ओपीडी ताटकळलीय,” कपाळाला पट्टा बांधून घेताना डॉ. घैसास करवादले. ट्रॉमा सेंटर तपासायला आलेल्या काझी मॅडमनी बटण दाबलं. आता नियमच होता: सर्जननं आपण वाचवलेल्या एका पेशंटची आठवण स्वतः भोगायची, मगच सेंटरला दर्जा मिळायचा.

घैसासांना काळजी नव्हती. घाटातल्या अपघातातल्या हेमलताबाईंचं ऑपरेशन त्यांनी चोख केलं होतं. बाई आपल्या पायांनी घरी गेल्या होत्या.

आता स्ट्रेचरवर तेच होते. मांडीतून कळ गेली, पण इंजेक्शननं ती लगेच ओसरली. डोक्यावरून दिवे पळत होते. “रेवा कुठाय? माझी पोरगी शेजारीच बसली होती हो!” त्यांच्या तोंडून बाईंचा आवाज येत होता. कुणी सलाईन लावलं, कुणी कपडे कापले. उत्तर कुणीच दिलं नाही. मग त्यांचाच चेहरा त्यांच्यावर वाकला आणि सिस्टरला म्हणाला, “फार बोलतायत. झोपवा यांना.”

पट्टा निघाला. घैसास घामानं निथळत होते.

“कुठे दुखलं, सर?” काझी मॅडमनी विचारलं.

घैसासांना मूलबाळ नव्हतं. तरी त्यांनी मॅडमचं मनगट घट्ट धरलं.

“रेवा कुठाय? आधी ते सांगा.”